टॉवरच्या बिघाडाचं तिकीट (नोंद) आता सिस्टिमच काढते आणि सिस्टिमच बंद करते, साईटवरच्या माणसाने काय करायचं?

शहादा_साईट
राम राम मंडळी. मी नंदुरबार जिल्ह्यात टॉवर मेंटेनन्सला आहे, शहादा तळोदा धडगाव हा पट्टा माझ्याकडे, काही साईट सपाटीला आणि काही वर सातपुड्यात. आधी कसं होतं, साईट गेली की एनओसीतून, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कंट्रोल रूममधून, फोन यायचा, दादा अमुक साईट डाऊन दाखवतेय बघा जरा, मग आपण विचारायचो मेन्स फेल आहे का, शेजारची साईट चालू आहे का, तो स्क्रीनवर बघून सांगायचा आणि दोघं मिळून ठरवायचो आधी गाडी कुठे काढायची. आता ते सगळं ऑटोमेशनवर गेलंय. अलार्म आला की सिस्टिमच तिकीट काढते, कारण पण तीच लिहून देते, माझ्या ॲपमध्ये येतं, आणि अलार्म क्लिअर झाला की बंद पण तीच करते, मध्ये माणूस नाहीच.

फायदा झालाच नाही असं नाही म्हणणार, लाईट दहा मिनिटं जाऊन आली तरी रात्री जे फोन यायचे ते बंद झाले. पण या पावसाळ्यात चार साईट एकदम गेल्या, वरची हब (जिच्यावरून बाकीच्यांना जोडणी जाते ती) आणि खालच्या तीन, आणि तिकीट आलं की हब साईटला पॉवरचा प्रॉब्लेम आहे. धो धो पावसात घाट चढून गेलो तर तिथे रेक्टिफायर (एसीची डीसी वीज करणारा) चालू, बॅटरी फुल, डीजीला (जनरेटरला) डिझेल, सगळं ओके. खरी भानगड खाली सपाटीला होती, रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली होती. त्या तिन्ही साईट पूर्वी हबवरून मायक्रोवेव्हने (बिनतारी लिंकने) चालायच्या पण मागेच सगळ्या खालच्या फायबरवर घेतल्यात, हब सुद्धा. हे मला माहितीये, सिस्टिमला माहिती नाही. जाण्यायेण्यात अर्धा दिवस गेला, चार साईटखालच्या पाड्यांना तेवढा वेळ रेंज नव्हती, आणि तिकीट उशिरा सुटलं म्हणून एमटीटीआर (दुरुस्तीला लागलेला वेळ) माझ्या नावावर लागला.

तर विचारायचं हे की ही सिस्टिम कारण ठरवते तरी कशी, तिला चुकीचं सांगितलं गेलंय हे कोणाला कळवायचं, आणि माझ्यासारख्या आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स झालेल्या माणसाने आता काय शिकावं म्हणजे पुढे काम टिकेल. जाणकारांनी मनमोकळं सांगा.

अमळनेरकर_एनओसी
दादा, मी मूळ अमळनेरचा, सध्या पुण्यात एका एनओसीत आहे, तुमच्या कंपनीत नाही पण काम हेच. तुमच्या केसमध्ये काय झालं ते मला बऱ्यापैकी दिसतंय.

एक हब गेला की त्याच्या मागच्या सगळ्या साईटचे अलार्म एकदम येतात, सेल (टॉवरचा एका दिशेला रेंज देणारा भाग) डाऊन, लिंक डाऊन, सिंक (वेळेचा मेळ) गेलं, एका फॉल्टला शेकड्याने अलार्म. ते एकेक वाचत बसणं माणसाला शक्य नाही म्हणून कोरिलेशन नावाचा भाग असतो, तो थोड्या वेळाच्या खिडकीत आलेले सगळे अलार्म एकत्र घेतो आणि कोण कोणाच्या मागे आहे ते बघून मूळ कारण काढतो. गावात डीपी उडाली की गल्लीतल्या सगळ्या घरांची लाईट जाते, वायरमन घरोघर फिरत नाही, सरळ डीपीकडे जातो, तेवढंच आहे हे. पण कोणतं घर कोणत्या डीपीवर आहे ही वहीच जुनी असेल तर वायरमन चुकीच्या डीपीवर जाणार. तुमच्याकडे वही जुनी होती. चारही साईट गेल्या, वहीत तिघांचा बाप हब, म्हणून सिस्टिमने हबला धरलं, आणि सातपुड्यात पावसात साईट गेली की बहुतेक वेळा पॉवरच असते हे तिने मागच्या तिकिटांवरून शिकलेलं, म्हणून कारण पॉवर.

आता वही जुनी का राहते ते पण सांगतो, खरं दुखणं तिथे आहे. राऊटरला राऊटर जोडला असेल तर ते आपापसात ओळख देतात, एलएलडीपी म्हणतात त्याला, त्यामुळे तेवढा नकाशा आपोआप तयार होतो. पण मधली फायबर कोणत्या चारीतून गेलीये, कोणत्या रस्त्याच्या कडेने, कुठे दोन रिंगच्या केबल एकाच खड्ड्यात आहेत, हे कोणतंही मशीन स्वतःहून सांगू शकत नाही, केबलला तोंड नाही. ते माणसानेच भरायचं असतं. मायक्रोवेव्हवरून फायबरवर मायग्रेशन झालं की प्रोजेक्टवाले काम संपवून पुढच्या साईटला जातात आणि इन्व्हेंटरी (कोण कशावर जोडलंय ती नोंदवही) अपडेट करणं कोणाच्याच गळ्यात पडत नाही. ऑटोमेशनवर पैसे घालणाऱ्या साहेब लोकांनी आधी इथे दोन माणसं नुसती याच कामाला बसवली पाहिजेत असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट क्लोजर कोड, म्हणजे तिकीट बंद करताना टाकायचं कारण. ही मॉडेल बंद झालेल्या तिकिटांवरून शिकतात. सिस्टिमने लिहिलं पॉवर, खरं निघालं फायबर कट, आणि अलार्म क्लिअर झाल्यावर तिकीट आपोआप 'पॉवर' या कारणावरच बंद झालं, तर पुढच्या वेळी तिचा अंदाज आणखी पक्का होतो, चुकीच्या दिशेने. आणि फील्डवाली पोरं पण घाईत असतात, ॲपमध्ये सगळ्यात वर जो पर्याय दिसेल तो दाबतात किंवा 'इतर' टाकतात. त्या 'इतर' मधून कोणी काहीच शिकू शकत नाही, ना मशीन ना माणूस.

भुसावळचे_आप्पा
मी टेलिफोन खात्यातून रिटायर झालो, एक्स्चेंजची बॅटरी रूम सांभाळण्यात बरीच नोकरी गेली. अमळनेरकरांचं बरोबर आहे, मी फक्त बॅटरीचं सांगतो, कारण आपल्याकडे खेळ तिथेच असतो.

आपल्या जळगाव भुसावळकडे मे महिन्यात ४५ च्या पुढे पारा जातो. लेड ॲसिडची सीलबंद बॅटरी २५ अंशाला जेवढी टिकते त्याच्या वर साधारण दर १० अंशाला तिचं आयुष्य निम्मं होतं, हा जुना ठोकताळा आहे आणि आजही लागू आहे. म्हणजे कॅबिनेटच्या आत उन्हाळाभर ४५ राहिलं तर कागदावरच्या आयुष्याचा चौथा हिस्सा हातात. आता ही नवीन सिस्टिम बॅटरी मरायच्या आधीच सांगते म्हणतात, आणि ते जमू शकतं, त्यात जादू काही नाही. मेन्स गेली की ४८ व्होल्टची बँक लोडवर येते आणि व्होल्टेज उतरायला लागतं. तो उतार दर वेळी नोंदवला, तर आधी जी बँक तीन तास दम धरत होती ती आता पाऊण तासातच कटऑफच्या जवळ येतेय हे आकड्यांत स्वच्छ दिसतं. आम्ही हे वहीत लिहायचो, आता मशीन लिहितं आणि हजारो साईटचं एकदम लिहितं, माणसाला ते शक्यच नव्हतं. मला हे बघून मनापासून आनंद होतो.

पण भाऊ, टेम्परेचरचा सेन्सर जर एसीच्या वाऱ्यासमोर लावला असेल तर तो २६ दाखवेल आणि बॅटरी मागच्या कोपऱ्यात भाजत असेल. बँकेत दोन व्होल्टचे २४ सेल असतात, एकच सेल बसला तरी सगळी बँक मान टाकते आणि वरून येणाऱ्या टोटल व्होल्टेजमध्ये तो लवकर दिसत नाही. मल्टीमीटर घेऊन लोडवर एकेक सेल बघा, बाकीचे २ च्या आसपास आणि एक १.८ च्या खाली सापडला की तोच. टर्मिनलवर पांढरं फुललंय का, सेल फुगलाय का हे डोळ्यानेच कळतं. डिझेलच्या टाकीचं पण तसंच, फ्लोट अडकला की सेन्सर रिकामी टाकी दाखवतो किंवा भरलेली दाखवतो, काठी बुडवून बघणारा माणूस लागतोच. तुम्ही बघितलेलं सिस्टिममध्ये गेलं पाहिजे एवढीच मेहनत वाढलीये.

केळीपट्टी_रावेर
मी यातला माणूस नाही, केळीचा व्यापार आहे. आमच्याकडे बागेत उभं राहून भाव ठरतो, गाडी भरायचा निरोप फोनवर जातो, पेमेंट पण फोनवर. नेटवर्क गेलं की माल कापून पडलेला राहतो आणि केळी थांबत नाही. कस्टमर केअरला लावलं तर पलीकडे मशीनच बोलतं आणि सांगतं की आपल्या भागात कोणतीही समस्या नाही. मग आम्ही कोणाला सांगायचं ते पण सांगा कोणीतरी.

धुळे_रॅन
केळीपट्टी दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच कामात आहे. मी धुळ्याची, रेडिओ नेटवर्क ऑप्टिमायझेशनमध्ये आहे. ज्याला तुम्ही रेंज गेली म्हणता आणि सिस्टिम म्हणते समस्या नाही, त्याला आमच्यात स्लीपिंग सेल म्हणतात. साईट चालू, पॉवर चालू, एकही अलार्म नाही, पण सेलवर कोणाचा कॉल लागत नाही. अलार्म नाही म्हणून तिकीट नाही. हे पकडायचं तर सेलचा रोजचा ट्रॅफिक बघावा लागतो, मंगळवारी सकाळी अकराला इथे एवढे लोक असतात, आज शून्य का, असा हिशोब. तो माणसाच्याने हजारो सेलचा होत नाही, मशीन करतं आणि चांगलं करतं. अलार्म नसताना फॉल्ट सापडणं ही माझ्या मते या सगळ्या ऑटोमेशनमधली सगळ्यात कामाची गोष्ट आहे.

पण 'नेहमी एवढे लोक असतात' हे मशीन मागच्या आकड्यांवरून शिकतं आणि आपला खान्देश वर्षभर एकसारखा राहत नाही ना. दिवाळीनंतर धडगाव अक्कलकुव्याकडची माणसं घरदार घेऊन ऊसतोडीला आणि गुजरातमध्ये कामाला जातात. गावच्या गाव रिकामं, ट्रॅफिक धाडकन खाली, मशीन ओरडतं स्लीपिंग सेल, आणि शहादा दादांसारखा माणूस विनाकारण घाट चढतो. उलट होळीला सगळे परत येतात. काठीची राजवाडी होळी माहितीये ना, रात्रभर नाच आणि पहाटे होळी पेटते. आता वीज वाचवायला रात्री ट्रॅफिक कमी झाला की कपॅसिटीचे जादा सेल झोपवायचं काम पण ऑटोमॅटिक असतं, एरवी उत्तम, कारण मोबाईल नेटवर्कची बहुतेक वीज या रेडिओतच जाते आणि डोंगरात ती डिझेलने येते. पण होळीच्या रात्री दीड वाजता तिथे हजारो माणसं उभी असतात. लोड वाढला की सेल जागे होतात हे खरं, पण मर्यादा कुठे लावलीये त्यावर आहे, आणि आधीच ठासून भरलेल्या सेलवर पहिला त्रास माणसाला होतोच. म्हणून मी आमच्या टीमला सणांचं कॅलेंडर भरायला लावलं. कानबाईला सुरत, पुणे, मुंबईची मंडळी गावी येतात तो श्रावणातला रविवार, दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार, काठीची होळी, भोंगऱ्या बाजार. दिल्ली गुडगावात बसून मॉडेल बनवणाऱ्याला कानबाई माहीत असायचं कारण नाही, आपण सांगायला पाहिजे.

अजून एक, डोंगराचं. नेटवर्कने स्वतःच स्वतःला जुळवून घ्यायचं हे काही आजचं नाही, ४जीच्या पहिल्या स्टँडर्डपासून, ३जीपीपीच्या रिलीज ८ पासून ते आहे, सॉन म्हणतात. तुमचा फोन एखादा अनोळखी सेल ऐकतो, टॉवरला कळवतो, टॉवर त्याची पूर्ण ओळख मागवून घेतो आणि आपल्या शेजाऱ्यांच्या यादीत टाकतो. सपाटीला झकास चालतं. पण तोरणमाळसारख्या हजार मीटरच्या वरच्या साईटचा सिग्नल लांब खाली तापीकडे उतरतो, तिथला फोन तो ऐकतो आणि यादीत भलताच लांबचा शेजारी येऊन बसतो. त्यात सेलचे छोटे नंबर ४जीत ५०४ च आहेत, ५जीत १००८, म्हणजे ते पुन्हा पुन्हा वापरावे लागतात, एकच नंबर दोन बाजूंनी ऐकू आला की हँडओव्हर (एका सेलवरून दुसऱ्यावर जाणं) चुकतो आणि कॉल पडतो. अँटेनाचा इलेक्ट्रिकल टिल्ट (झुकाव) आम्ही ऑफिसातून किंवा मशीन स्वतः फिरवू शकतं, पण वादळाने अँटेनाच वळलीये का हे मशीनला फक्त केपीआय (कामगिरीचे आकडे) बिघडले एवढंच दिसतं. वर चढून कंपास लावून अझिमथ (अँटेनाची दिशा) बघणारा तो तुमच्यातलाच कोणीतरी.

केळीपट्टी दादा, तुम्ही तक्रार करताना फक्त नेटवर्क नाही असं न सांगता जागा, वेळ, सिग्नलच्या काड्या दिसतात पण कॉल लागत नाही की काड्याच नाहीत, हे सांगा आणि डॉकेट (तक्रारीचा) नंबर घ्याच. तक्रारी एका सेलवर जमायला लागल्या की त्या पण या मॉडेलमध्ये जातात. ट्रायचे (दूरसंचार नियामकाचे) सेवेच्या दर्जाचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेत, त्यात जिल्हाभर नेटवर्क ४ तासांपेक्षा जास्त गेलं तर कंपनीला ट्रायला कळवावं लागतं आणि २४ तासांच्या वर गेलं तर ग्राहकाला भरपाई पण आहे. एका गावाच्या साईटला ते लागू होत नाही ही मात्र खरी अडचण आहे, आणि ती दूर व्हायला पाहिजे असं मला वाटतं.

केळीपट्टी_रावेर
ताई आभारी आहे. काड्या दिसतात आणि कॉल लागत नाही, हेच होतं आमच्याकडे. आजच तसं लिहून तक्रार टाकतो.

चाळीसगाव_कोअर
सगळे चांगलं सांगतायत, मी जरा धोक्याची बाजू मांडतो कारण ती पण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तिकीट चुकीच्या साईटवर गेलं तर अर्धा दिवस जातो. पण सिस्टिमला नेटवर्कमध्ये बदल करायची चावी दिली आणि ती चुकली तर देश बंद पडतो. ८ जुलै २०२२ ला कॅनडात रॉजर्स कंपनीचं नेटवर्क असंच बसलं, १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहक, मोबाईल, इंटरनेट, आणि बऱ्याच लोकांना इमर्जन्सीचा ९११ कॉल पण लागत नव्हता. कोअरचं (नेटवर्कच्या मध्यवर्ती भागाचं) अपग्रेड सात टप्प्यांत चाललं होतं, सहाव्या टप्प्यात एक फिल्टर काढला गेला आणि राऊटच्या (मार्गांच्या माहितीच्या) लोंढ्याने कोअर राऊटर बसले. नंतरच्या चौकशी अहवालात एक गोष्ट आहे ती प्रत्येक ऑटोमेशनवाल्याने भिंतीवर लावावी, की सुरुवातीला या कामाची जोखीम 'हाय' धरली होती, पण आधीचे टप्पे नीट पार पडले म्हणून जोखीम मोजणाऱ्या अल्गोरिदमने सहाव्या टप्प्याला ती 'लो' करून टाकली. आधी काही झालं नाही याचा अर्थ त्याने पुढेही होणार नाही असा लावला. वर त्यांचं मॅनेजमेंट नेटवर्क पण त्याच कोअरवर चालत होतं, त्यामुळे दुरुस्त करणाऱ्यांनाच आत शिरता येईना.

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप साधारण सहा तास गेलं ते पण बघा. बॅकबोनची (डेटा सेंटर जोडणाऱ्या मुख्य जाळ्याची) क्षमता तपासायची एक कमांड दिली तिने बॅकबोनच तोडलं, अशी कमांड अडवायला ठेवलेल्या तपासणीच्या टूलमध्येच बग होता. आणि मग डीएनएस (नावावरून पत्ता सांगणाऱ्या) सर्व्हरनी ठरवून दिल्याप्रमाणे, डेटा सेंटर दिसत नाही म्हणजे आपणच बिघडलोय असं समजून स्वतःचे पत्ते इंटरनेटवरून मागे घेतले. प्रत्येक सर्व्हरने आपलं काम बरोबर केलं आणि सगळं मिळून अंधार.

म्हणून माझं मत, बघणं आणि सुचवणं मशीनकडे खुशाल द्या. बदल करायचा अधिकार हळूहळू द्या, आधी एकदोन साईटवर, मग एका क्लस्टरवर (साईटच्या गटावर), प्रत्येक वेळी मागे फिरायचा रस्ता तयार ठेवून, आणि राऊटिंग किंवा सगळ्या साईटला एकदम फर्मवेअर अशा गोष्टींना माणसाची सही हवीच. टीएम फोरम या टेलिकॉम कंपन्यांच्या संघटनेने स्वयंचलित नेटवर्कच्या ० ते ५ अशा पायऱ्या केल्यात, ० म्हणजे सगळं हाताने आणि ५ म्हणजे सगळं आपोआप. कंपन्या आता ४ ची भाषा करतायत. मला वाटतं एकाच नेटवर्कमध्ये वेगवेगळ्या कामांना वेगवेगळी पायरी असायला हवी, सेल झोपवायला ४ चालेल, कोअरच्या राऊटिंगला माझ्या मते नाही.

आणि मॅनेजमेंटची लिंक वेगळ्या मार्गाने पाहिजे, हे खर्चिक आहे म्हणून दर बजेटला कापलं जातं, मला याचा फार राग येतो.

शहादा_साईट
बरोबर शे भाऊ तुम्हनं सगळ्यासनं. धडगावचं ताईंनी सांगितलेलं तर तंतोतंत, दिवाळीनंतर मला तशी तिकिटं येतात, गावात जाऊन बघावं तर घरांना कुलपं.

आता फक्त दोन गोष्टी राहिल्या. नोकरीचं कोणी बोललं नाही. आणि रिमार्कमध्ये नक्की काय लिहू म्हणजे ते कोणीतरी वाचेल? मी दर वेळी लिहितो 'फायबर कट अटेंड केला, साईट अप', पुढे काही होत नाही.

अमळनेरकर_एनओसी
नोकरीचं खरं सांगतो दादा, स्क्रीनवर अलार्म बघून फोन लावणारी आमची पहिल्या पायरीची कामं कमी होतायत, झालीच आहेत. साईटवर जाणाऱ्याचं तसं नाही, स्प्लायसिंगला (फायबर जोडायला) आणि बॅटरी बदलायला माणूसच लागणार, पण एका माणसाकडे जास्त साईट येतील आणि तिथे जास्त प्रकारचं काम यावं ही अपेक्षा राहील. तुम्ही ओटीडीआर (फायबर किती अंतरावर तुटलीये ते सांगणारं यंत्र) स्वतः वाचायला शिका, कोणावर अवलंबून राहू नका. मग आयपीचं बेसिक, व्हीलॅन म्हणजे काय, साईट राऊटरला लॅपटॉप लावून पोर्ट बघता येणं. लिथियम बॅटरीचं बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट). आणि एक्सेल चांगलं करा, तुमच्या पट्ट्यातली तिकिटं उतरवून कोणत्या साईटला चुकीची तिकिटं जास्त येतात हे तुम्ही दाखवू शकलात तर मीटिंगमध्ये तुमचं ऐकलं जातं. पायथन वगैरे त्यानंतर, आवड लागली तर.

रिमार्कचं असं आहे की 'अटेंड केला, साईट अप' यात शिकण्यासारखं काही नाही. असं लिहा: 'सिस्टिमने हब पॉवर दिलं. हबला पॉवर ओके, रेक्टिफायर आणि बॅटरी फोटो जोडले. खरं कारण फायबर कट, ओटीडीआरवर शहादा टोकाकडून अंतर अमुक, प्रत्यक्ष जागेचं जीपीएस अमुक. ही साईट हबवर नाही, फायबरवर आहे, नोंद बदला.' ओटीडीआरचं अंतर आणि गाडीचं अंतर सारखं येत नाही हे लक्षात ठेवा, प्रत्येक जॉइंटला आणि चेंबरला केबलची वेटोळी ठेवलेली असतात, ती ओटीडीआर मोजतो आणि रस्ता मोजत नाही, म्हणून जीपीएस टाकायचंच. ही दोन अंतरं प्रत्येक कटला नोंदली गेली की पुढच्या वेळी सिस्टिम जागा बरीच जवळ सांगू शकते, नाहीतर जेसीबी शोधत फिरत बसावं लागतं.

क्लोजर कोड सिस्टिमने आपोआप टाकला असेल तर तिकीट रिओपन करायची सोय ॲपमध्ये बहुतेक असते, बंद झाल्यावर काही तासच असते, तेवढ्यात बदला. आणि टॉपॉलॉजीची (जोडणीच्या नकाशाची) चूक रिमार्कमध्ये लिहून भागत नाही, रिमार्क मॉडेल वाचेल पण वही बदलत नाही. त्यासाठी इन्व्हेंटरी टीमच्या नावाने वेगळी रिक्वेस्ट टाका, तिला चारही साईटचे आयडी, मायग्रेशन झालं त्या कामाचा नंबर आणि आत्ताच्या पोर्टचा फोटो लावा, आणि मेलमध्ये तुमच्या क्लस्टरच्या साहेबांना ठेवा. त्यात त्या दिवशीचा एमटीटीआर पण लिहा, की नोंद चुकीची असल्यामुळे हा वेळ गेला. तो तुमच्या नावावरून काढून घ्यायचा तुमचा हक्क आहे, तोंडी बोलून निघणार नाही.